तारेवरचा लंगड्या

दसऱ्याच्या सकाळी माझ्या मोबाइलवर निदान पंधरा-वीस नीळकंठ येतात. नातेवाईक पाठवतात, महिला मंडळातल्या बायका पाठवतात, भिलाईतल्या आमच्या कोहक्याचा गॅसवालासुद्धा पाठवतो. निळे पंख पसरलेले, खाली हिंदीत शुभेच्छा, कधी पंखांवर चमकी. दसऱ्याला नीळकंठ दिसला की वर्ष सुखाचं जातं ही आमच्या भंडाऱ्याकडची समजूत, आणि इकडे छत्तीसगडातही तीच. आता ते दर्शन घरबसल्या होतं. मी मात्र सगळे नीळकंठ धड न बघताच पुसून टाकते. सून म्हणते, आई, तुम्हाला सणाचं काहीच कसं वाटत नाही. वाटतं, म्हणूनच पुसते. पण हे तिला सांगायचं तर कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांपासून सुरुवात करावी लागेल, आणि सुनेला तेवढा वेळ नसतो. तुम्हाला असेल असं धरून लिहिते.

माझे वडील धानाच्या मुलखातले. गावाला मोठा तलाव, घरची जमीन भावाभावांत वाटली जाऊन चिमूटभर उरलेली, म्हणून ते भिलाईला पोलादाच्या प्लांटमध्ये फिटर म्हणून लागले. घर म्हणजे दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, मागे पपईचं एक झाड आणि सामायिक नळ. एका बाजूला आंध्रातलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला इथलंच छत्तीसगढी. त्यामुळे आमच्या घरात सकाळी इडलीच्या पिठाचा आंबूस वास आणि शेजारच्या बासीचा, म्हणजे रात्री पाण्यात ठेवलेल्या भाताचा वास एकदमच यायचा. आई त्यात लाखोळीच्या डाळीचा आणि लसणाच्या फोडणीचा वास मिसळायची. शिफ्ट बदलताना भोंगा वाजायचा. भोंग्यावर आमचा स्वयंपाक चालायचा, भोंग्यावर माझी शाळा. रेल्वेच्या यार्डातून डबे एकमेकांवर आपटल्याचे आवाज यायचे आणि या सगळ्याच्या खाली प्लांटची एक अखंड घरघर असायची. ती आम्हाला ऐकूच यायची नाही. पाहुणे मात्र पहिल्या दिवशी विचारायचे, हे काय चालू आहे.

बाबांना ती घरघर ऐकू येत असावी, कारण सुट्टीच्या दिवशी ते तिच्यापासून लांब जायचे. सायकलवर, डुमरबांध्याला. आज कोहक्यात जिथे माझं घर आहे तिथे तेव्हा शेतं होती. ती ओलांडून पुढे गेलं की हा तलाव लागायचा. पाऊस सरून नवरात्र बसायच्या सुमाराला बाबांचं लक्ष कामात राहायचं नाही. नळावर पाणी भरताना ते थांबून आभाळाकडे पाहायचे. मग एक दिवस म्हणायचे, आले असतील. त्या दिवशी मी मागे कॅरियरवर, माझ्या मांडीवर मुरमुऱ्या-फुटाण्याची पिशवी आणि गळ्यात दुर्बीण. ही दुर्बीण प्लांट उभारायला आलेल्या एका रशियन साहेबाची. घरी परतताना त्याने ती बाबांना दिली होती. एका बाजूची काच तडकलेली, त्यामुळे माझ्या लहानपणी मी पाहिलेल्या प्रत्येक बदकातून एक आडवी रेघ गेलेली आहे.

तिथे पोचलो की आधी बोलायचं नाही. बांधावर उकिडवं बसायचं आणि कान द्यायचा. शिट्टी मारणारी बदकं तिथलीच, बारमाही. ती आधी ऐकू यायची. मग तलावाच्या पाळीवर शेपूट खालीवर करत धावणारा धोबी पक्षी दिसला की बाबांचा चेहरा उजळायचा. तो पहिला पाहुणा. त्याच्यामागून छोटी बदकं, मग लांब शेपटीची, आणि दिवाळीनंतर भगव्या अंगाचे सुरखाब, जोडीजोडीने. बाबांना पुस्तकी नावं येत नव्हती. काहींना त्यांनी आपल्याच शिफ्टमधल्या लोकांची नावं ठेवली होती, आणि त्या लोकांना मी पुढे पाहिलं तेव्हा नावं बरोबर आहेत असं मला वाटलं. मोजायची त्यांची एक रीत होती. हात लांब करून अंगठा पाण्यावर धरायचा. एका अंगठ्याखाली किती पक्षी झाकले जातात ते एकदा नीट मोजायचं आणि मग अख्खा थवा अंगठ्यांनी मोजत जायचा. माझा अंगठा लहान म्हणून माझे पक्षी नेहमी कमी भरायचे. परतताना ढीमरांच्या, म्हणजे तिथल्या कोळ्यांच्या बायका उकडलेले शिंगाडे विकायला बसलेल्या असत. ते आम्ही तोंड काळं होईपर्यंत खायचो.

आणि लंगड्या. रस्त्याखालच्या मोरीपासून तिसऱ्या विजेच्या खांबाच्या तारेवर पावसाळ्यानंतर एक नीळकंठ येऊन बसायचा. वैशाखात निघून जायचा. बाबा म्हणायचे, हाही पाहुणाच, पण जवळच्या गावचा. बसलेला असताना मातकट, काहीच नाही. उडाला की असा निळा की मी दर वेळी श्वास रोखून धरायची. त्याच्या डाव्या पायाचं एक बोट अर्धंच होतं, म्हणून तो तारेवर जरासा कलून बसायचा. ते बोट बाबांनीच मला दुर्बिणीतून दाखवलं होतं. दसऱ्याला सोनपत्ती वाटायच्या आधी आम्ही त्याचं दर्शन घ्यायचो. बाजारात पाखरं धरणारे चिडीमार नीळकंठ पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवत फिरायचे, लोक हात जोडायचे, चार-आठ आणे द्यायचे. बाबा अशा वेळी दार लोटून घ्यायचे. म्हणायचे, "धरून आनलेल्या पाखराचं दर्शन नसते. त्यानं सोताहून दिसाले पाहिजे."

हे वाक्य मला तेव्हा पाठ होतं. मी ते ऐकलंच नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी तेरा वर्षांची असताना, दसरा पंधरा दिवसांवर आला असता, बांधावरच्या चिखलात बाबांची सायकल घसरली. मी मागून उडून बेशरमाच्या झुडपात पडले, मला खरचटलंसुद्धा नाही. बाबांची नडगी मोडली. गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घालून त्यांना खाटेवर टाकलं. पहिले दोन दिवस ते हसत होते. म्हणाले, आता आम्ही दोन लंगडे झालो, एक खाटेवर, एक तारेवर. मग दसरा जवळ येऊ लागला तसे ते गप्प होत गेले.

त्यांच्यापेक्षा आई जास्त घाबरली होती. तिला नववा महिना होता. माझ्याआधी त्यांना एक मुलगा झाला होता. त्या वर्षी दसऱ्याला बाबांना डबल ड्यूटी लागली, दर्शन चुकलं आणि दिवाळीच्या आत ते आठ महिन्यांचं पोर तापाने गेलं. बाबा कधी तसं म्हणाले नाहीत, पण तेव्हापासून त्यांनी एकही दसरा चुकवला नव्हता. शिफ्ट बदलून घेत, हातापाया पडत, पण जात. आणि आता नेमकं या वर्षी. एका दुपारी मी शाळेतून आले तर आई चुलीपुढे बसून रडत होती. भाताला कढ येऊन पेज विस्तवावर सांडत होती आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मला पाहून म्हणाली, "काई नाही वं. यंदा निलकंठ नाही दिसनार, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी कॅम्पच्या बाजारात मनराखनला गाठलं. मनराखन चिडीमार होता. तितर, पोपट, लाल मुनिया असं काय काय कावडीला टांगून बाजाराच्या दिवशी तो बसायचा. हाडकुळा, बोलायला गोड. मी त्याला सांगितलं की दसऱ्याला नीळकंठ घेऊन आमच्या घरी ये, माझे बाबा चालू शकत नाहीत. तो म्हणाला, ए बछर नइ मिलिस, नोनी. या वर्षी एकही मिळाला नव्हता. तुझे बाबू तर नेहमी बांध्यावर जातात ना, म्हणाला, त्यांना कुठे दिसतो? जागा सांग, मी पहिल्यांदा तुझ्याच घरी आणतो, काही घेणार नाही.

मी सांगितलं. इथे मला खरं लिहायला हवं, कारण इतकी वर्षं मी स्वतःला आईच्या रडण्याची गोष्ट सांगत आले आहे. आईसाठीच गेले होते, हे खरं. पण त्याने विचारलं आणि तो पुढे झुकून ऐकायला लागला, तेव्हा आई माझ्या डोक्यातून गेली. एक मोठा माणूस, पाखरं हाच ज्याचा धंदा, तो माझं ऐकत होता. मग मी नुसती जागा सांगून थांबले नाही. मोरीपासून तिसरा खांब सांगितला. ऊन वीतभर वर आलं की येतो, हे सांगितलं. खाली कापलेल्या गवतात किडे शोधतो आणि त्याला सगळ्यात जास्त काळे रातकिडे आवडतात, हेही सांगितलं. त्या अर्ध्या बोटाचं तेवढं सांगितलं नाही. ते आमच्या घरचं होतं असं वाटलं. बाकी बाबांनी मला चार-पाच वर्षांत जे शिकवलं होतं ते मी बाजारात उभी राहून पाच मिनिटांत ओतलं, आणि घरी येताना मला फार शहाणं झाल्यासारखं वाटत होतं.

दसऱ्याला मनराखन सकाळीच आला. अंघोळ करून, कपाळाला टिळा लावून, हातात टोपली आणि टोपलीवर ओलं फडकं. आई पुरण वाटत होती ती तशीच उठली, कुंकवाची कोयरी घेऊन आली. मी बाबांच्या खाटेपाशी उभी होते, कधी एकदा ते माझ्याकडे पाहतात याची वाट पाहत. मनराखनने फडकं काढलं. वडाच्या चिकाचा चिकट लासा लावलेल्या काडीवर त्याने रातकिडा बांधला असणार. पाखराचे दोन्ही पंख लाशाने चिकटून काळे पडले होते आणि वरून दोऱ्याने बांधले होते. निळं काही दिसतच नव्हतं. ते टोपलीत एका बाजूला कलून बसलं होतं. मी पाय पाहिला आणि मला कळलं.

त्या क्षणापर्यंत, तुम्हाला खोटं वाटेल, माझ्या मनात ते लंगड्याला धरणं नव्हतंच. मी एका नीळकंठाची जागा सांगितली होती. त्या जागी दुसरं कोणी बसत नाही हे मला माहीत असून मी ते लक्षात धरलं नव्हतं. तेरा वर्षांच्या मुलीचं डोकं असं चालतं का? चालत असावं. अजूनही कधीकधी चालतं.

आईने पाखराला कुंकू लावलं, हात जोडले, तिचे डोळे भरून आले. तिच्याकडे पाहून बाबांनीही हात जोडले. मग त्यांनी टोपलीत हात घालून पाखरू बाहेर काढलं आणि छातीशी धरलं. त्यांचा अंगठा त्याच्या डाव्या पायावरून हळूच फिरला आणि थांबला. ते मनराखनला म्हणाले, "कुठं भेटला हा?"

मनराखनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या आधी बोलले. "पावर हाउसकडं, बाबा. स्टेशनच्या मांगं." मनराखन फडक्याची घडी घालू लागला. बाबा एवढंच म्हणाले की हा इथेच राहू दे, आणि मनराखन रिकामी टोपली घेऊन गेला.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात त्या पाखराशिवाय काही नव्हतं. बाबांनी दोरा सोडला, शेंगदाण्याच्या तेलाने आणि राखेने एकेक पीस पुसून काढलं. पिसं लाशाबरोबर हातात येत. मला त्यांनी नाकतोडे धरायला पाठवलं. मी कॅम्पमागच्या मैदानात फिरून माचिसच्या डब्या भरभरून नाकतोडे आणले, नाल्याकाठचे दगड उलटून रातकिडे आणले. त्याने चोच उघडली नाही. बाबांनी जबरदस्तीने भरवलं तर टाकून दिलं. ते प्लास्टरचा पाय लांब पसरून जमिनीवर बसायचे, पाखरू मांडीवर घेऊन. मी समोर रातकिडे घेऊन. इतके तास आम्ही समोरासमोर बसलो, की बोलायला जागाच जागा होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते कडक झालं होतं. बाबांनी माझ्याकडून पपईखाली खड्डा करून घेतला. आई दारातून म्हणाली की जीव लावू नका, दर्शन झालं ते झालं.

कोजागिरीच्या रात्री आई बाळंत झाली. दोघी सुखरूप. मुलगी गुटगुटीत, आवाज भोंग्यासारखा. आई महिनाभर शेजारणींना सांगत होती की सुमनने दर्शन घडवलं म्हणून सगळं नीट पार पडलं. आंध्रावाल्या काकूंनी मला त्याबद्दल लाडू दिला आणि मी तो खाल्ला. आईला पोरीचं नाव पौर्णिमा ठेवायचं होतं. बाबा कधी आईच्या शब्दाबाहेर जायचे नाहीत, पण यात गेले. नाव नीला ठेवलं. तेव्हापासून दिवसातून पन्नास वेळा मला त्या नावाने हाक मारावी लागली, दूध पी नीला, रडू नको नीला.

पुढच्या वर्षी पाय नीट झाला आणि दसऱ्याला बाबांनी सायकल काढली. तिसऱ्या खांबाखाली उभे राहिलो. तार रिकामी होती. बदकं मात्र दर वर्षीसारखीच आली होती, पाणी भरून गेलं होतं. बाबा म्हणाले, "येईन तो." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी दुर्बीण डोळ्याला लावून त्या रेघेतून रिकामी तार पाहत राहायची, म्हणजे माझा चेहरा झाकला जायचा. मग मी टाळायला शिकले. परीक्षा आहे, डोकं दुखतं, शिवणाचा क्लास आहे. कॅरियरवर नीला बसू लागली. पुढे माझं लग्न इथेच कोहक्यात झालं, डुमरबांध्याच्या वाटेवरच. दसऱ्याला सकाळी बाबा फाटकापाशी सायकल थांबवून दोनदा घंटी वाजवायचे आणि विचारायचे, "येतं का वं, सुमे?" मी आतूनच सांगायची की पुरण चढवलंय. ते म्हणायचे, बरं. असे किती दसरे गेले ते मी मोजलेले नाहीत. शेवटी शेवटी त्यांना सायकल जमेना, तेव्हा नीला त्यांना स्कूटरवर न्यायची. घंटीच्या जागी हॉर्न, बाकी तेच. बाबा गेले त्या वर्षीसुद्धा मी पुरणच चढवलं होतं.

नीला आता रायपूरला कॉलेजात शिकवते. पाखरांचं वेड तिला बाबांचंच लागलं. तिच्याकडे हातभर लांबीचा कॅमेरा आहे, आणि कुठला पक्षी कुठे दिसला ते सगळ्यांना सांगायचं नसतं असा त्यांच्या मंडळींचा नियम आहे, हे तिने मला एकदा सहज सांगितलं. मी उठून चहा टाकायला गेले.

गेल्या दसऱ्याला ती सकाळीच येऊन धडकली आणि माझं काही ऐकेना. पुरण सुनेवर सोडून मला गाडीत घातलं. डुमरबांध्याला आता पाटी लागली आहे, बसायला बाक आहेत, पाखरं बघायला उंच मचाण बांधलं आहे. मी तिथे लग्नानंतर पहिल्यांदा गेले. पाणी तेच होतं. बदकं आली होती. मी नकळत हात लांब करून अंगठा धरला. नीला हसली, म्हणाली, बाबा. मोरीही आहे. खांब मात्र सिमेंटचे झाले आहेत. ती तिसऱ्या खांबाशी थांबली आणि मी तिथेच, उभ्या उभ्या, तिला सांगून टाकलं. बाजार, रातकिडे, पावर हाउस, पपई, तिचं नाव. सांगताना मी साठीची बाई हुंदके देत होते आणि मचाणावरची कॉलेजची पोरं वळून पाहत होती.

ती मला धीर देईल असं मला वाटलं असेल, तर तसं काही झालं नाही. कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "ताई, मले एकदा बाबांनं सांगितलं होतं. इथं एक लंगड्या बसे म्हने. मी विचारलं, कुठं गेला तो? तं म्हने, तुह्या ताईले माहीत आहे. पन तू नको विचारजो तिले, ती सोताहून सांगन."

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या सकाळपासून, अंगठा थांबला तेव्हापासून. मी काहीतरी विचारलं असावं, कारण नीला पुढे बोलत होती.

"दरसाल इथंच सायकल लावत. मले म्हनत, तारेवर पाह्य, येईन तो. मी मान दुखेपरेंत वर पाहो. पन ते सोता वर नव्हते पाहत, ताई. ते रस्त्याकडं पाहत. मले वाटे, कोनी येनार असन."

मी वळून रस्त्याकडे पाहिलं. कोहक्याहून डुमरबांध्याला यायला तो एकच रस्ता आहे. माझ्या घरापासून चालत पाऊण तासाचा.